पिवळा दिवा काय सांगतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की तो पेटतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. तो विझला नाही, किंवा चालत्या गाडीत अचानक पेटला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. मग फोनाफोनी सुरू होते. कोणी म्हणतो, ‘काही होत नाही, चालव तशीच.’ कोणी म्हणतो, ‘बॅटरीची तार दहा मिनिटे काढून ठेव, दिवा जाईल.’ आणि कोणी म्हणतो, ‘सेन्सर गेला असणार, बदलून टाक.’ आज मला बोलायचे आहे ते या तिसऱ्या सल्ल्याबद्दल. कारण माझ्या पाहण्यात, नव्या डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीत गिऱ्हाइकाचा जो पैसा फुकट जातो, त्यातला बराचसा चांगले सेन्सर काढून नवे बसवण्यात जातो.

मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडलो, त्या काळी सायलेन्सर म्हणजे एक पोकळ नळी होती. धूर बघून रोग ओळखायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे तेल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल नीट न जळता बाहेर पडते आहे किंवा कुठून तरी पाणी शिरते आहे. डोळे, कान आणि नाक एवढी हत्यारे पुरत. आज नव्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला, तर तो बहुधा पांढराच राहतो. धूर दिसतच नाही, मग बघून ओळखणार काय?

हा बदल झाला कायद्यामुळे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा म्हणजे ‘बीएस-सिक्स’ नियम लागू झाले. बीएस-फोरवरून आपण बीएस-फाइव्ह गाळून थेट सहावर उडी मारली. डिझेल मोटारीला एका किलोमीटरमागे काजळीचे कण पूर्वी २५ मिलिग्रॅमपर्यंत सोडता येत, ते साडेचारवर आले. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आणले गेले. आणि १ एप्रिल २०२३ पासून नुसत्या प्रयोगशाळेत नव्हे, तर प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचाही हिशेब नव्या गाड्यांना द्यावा लागतो.

हे कोणाच्या हौसेखातर झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हा धूर सर्वांत जास्त कोण घेतो? सिग्नलवर उभा असलेला दुचाकीवाला, चौकातला पोलीस, रस्त्याकडेचा भाजीवाला आणि आम्ही गॅरेजवाले.

म्हणून त्या पोकळ नळीत आता एक छोटा कारखानाच बसला आहे. आधी एक उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट. मग काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी, तिला डीपीएफ म्हणतात. आणि पुष्कळ गाड्यांत तिसरा टप्पा, युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारा. कारखाना आला की पहारेकरी आले. ते पहारेकरी म्हणजे हे सेन्सर.

ते मुख्यतः चार प्रकारचे. पहिला तापमानाचा, एकेका गाडीत असे दोन, तीन, चारही असतात. दुसरा दाबातल्या फरकाचा. याला दोन नळ्या असतात, एक डीपीएफच्या आधीचा दाब सांगते, दुसरी नंतरचा, आणि फरकावरून जाळी किती भरली ते कळते. तिसरा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा, ज्याला आम्ही ‘नॉक्स सेन्सर’ म्हणतो. आणि चौथा ऑक्सिजनचा. अलीकडच्या गाड्यांत जाळीनंतर काजळी मोजणारा पाचवाही असतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी कधी तरी जाळावी लागते. त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. शहरात रमतगमत चालणाऱ्या गाडीच्या नळीत ते दोन-अडीचशेच्या वर सहसा जात नाही. म्हणून गाडीचा संगणक थोडे जादा डिझेल सोडतो, ते कॅटॅलिस्टमध्ये जळते, जाळी तापते आणि काजळी जळून जाते. दहा-वीस मिनिटांचे काम. पण हे करताना आत किती तापले आहे हे संगणकाला कळायलाच हवे, नाही तर जाळी वितळेल. तापमानाचा सेन्सर बिघडला की संगणक शहाणपणाने ही जाळपोळच बंद ठेवतो. मग काजळी साठत जाते, गाडी ओढत नाही, आणि शेवटी संगणक इंजिनाची ताकद कमी करून गाडी लंगडत चालवतो. म्हणजे काही हजारांच्या सेन्सरकडे दुर्लक्ष केले, तर लाखाच्या घरातली जाळी जाऊ शकते. ‘चालव तशीच’ हा सल्ला म्हणून चुकीचा. आणि उलट बाजूने, सेन्सरची वायर तुटली असताना जाळी बदलणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तर निदान कसे करायचे?

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला स्कॅनर जोडला की फॉल्ट कोड मिळतो. ‘पी’ अक्षर आणि पुढे चार आकडे. पुष्कळ ठिकाणी निदान इथेच संपते. कोडमध्ये ज्याचे नाव आले, तो भाग बदलायचा! पण कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. फिर्यादीवरून चौकशी सुरू करायची असते.

एक उदाहरण देतो. ‘पी ०५४६’ हा कोड तापमानाच्या पहिल्या सेन्सरचा. त्याचा अर्थ ‘सर्किट हाय’. कित्येक कारागीर तो वाचून म्हणतात, तापमान फार वाढले आहे. तसे नाही. इथे ‘हाय’ आहे ते व्होल्टेज. संगणक या सेन्सरकडे पाच व्होल्ट पाठवतो, सेन्सर त्यातला काही भाग खाली ओढतो, आणि उरलेल्या व्होल्टेजवरून तापमान समजते. वायर कुठेतरी तुटली, तर खाली ओढणारे कोणी उरत नाही, म्हणून व्होल्टेज वर जाते. म्हणजे ‘हाय’चा अर्थ बहुतेक वेळा ‘तुटले’. आणि वायर बॉडीला चिकटली, तर येतो ‘लो’चा कोड, ‘पी ०५४५’. एवढे कळले तरी अर्धे काम होते.

पुढची पायरी फुकटची आहे आणि मला ती सर्वांत आवडते. गाडी रात्रभर उभी ठेवायची. सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवायची आणि स्कॅनरवर सगळी तापमाने वाचायची. कूलंटचे, आत येणाऱ्या हवेचे आणि सायलेन्सरमधल्या प्रत्येक सेन्सरचे. रात्रभरात सगळेच एकसारखे थंड झालेले असते. बाहेर २४ अंश असतील, तर सगळ्यांनी दोन-चार अंश इकडेतिकडे तेवढेच सांगायला हवे. एखादा १८० सांगत असेल, तर संशयित सापडला. मग इंजिन सुरू करून बघायचे. आकडा हळूहळू चढायला हवा. तो एकाच जागी खिळून बसला, तर तो बहुधा सेन्सरचा आकडाच नसतो, संगणकाने स्वतःच्या मनाने धरलेला असतो.

संशयित सापडला तरी लगेच शिक्षा नाही. सेन्सरचा कपलर काढायचा आणि मल्टीमीटरने त्याचा रोध मोजायचा. पुष्कळ गाड्यांत प्लॅटिनमचा सेन्सर असतो. त्याचा रोध शून्य अंशाला २०० ओहम, पंचवीस अंशाला सुमारे २२०, आणि तापमानाबरोबर तो वाढत जातो. आता कपलरच्या वायरच्या बाजूच्या दोन पिना एका तारेने जोडा. स्कॅनरवरचा ‘हाय’ कोड ‘लो’ झाला, तर वायरिंग आणि संगणक शाबूत आहेत, दोष सेन्सरचा. काहीच फरक पडला नाही, तर सेन्सर निर्दोष, वायर शोधा. मात्र एक सावधगिरी. काही गाड्यांत सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, किंवा त्याला स्वतःचा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा असतो. तिथे ही युक्ती करू नये. आधी त्या गाडीची आकृती बघावी.

मागच्या एका पावसाळ्यात कोकणातून एक गाडी आली. तापमानाचा तोच सेन्सर दुसरीकडे दोनदा बदललेला, आणि दिवा पुन्हा हजर. मालक टेकीला आलेला. आमच्या पोराने वरची चाचणी केली. तार जोडली तरी कोड हलेना. मग वायरिंग बोटाने चाचपत गेलो. एका क्लिपशी वरचे आवरण धड होते, पण आतला तांब्याचा धागा तुटलेला. चालत्या गाडीत तो कधी जुळायचा, कधी सुटायचा. वीतभर वायर, चांगला जोड, वर उष्णता सोसणारी नळी, झाले काम. दोन्ही सेन्सर चांगलेच होते, तिसराही गेला असता. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनात शिरतात आणि वायरी कुरतडतात. किनाऱ्याच्या गावांत खाऱ्या हवेने कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. म्हणून सेन्सरचे पाकीट उघडण्यापूर्वी टॉर्च उघडावी.

दाबाच्या सेन्सरची तऱ्हा वेगळी. चावी चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत त्याने शून्य दाखवायला हवे, फार तर एखाददुसरा मिलिबार. कारण इंजिनच बंद, तर दाबात फरक कुठला? तीस-चाळीस दिसत असतील, तर दोन्ही नळ्या काढा. तरीही आकडा तसाच राहिला, तर सेन्सर गेला. शून्य झाला, तर नळीत पाणी किंवा काजळी अडकली आहे. मग गरम इंजिनावर रेस वाढवायची. आकडा चढला पाहिजे आणि सोडल्यावर उतरला पाहिजे. उणे आकडा दिसला, तर नळ्या उलटसुलट बसवल्या आहेत. आणि नळी हवा मारून साफ करताना आधी ती सेन्सरवरून काढा. आतला पडदा फार नाजूक असतो, कॉम्प्रेसरच्या एका फुंकरीत फाटतो.

एका शिक्षकांच्या गाडीची गोष्ट सांगतो. कोड ‘पी २००२’. म्हणजे जाळी नीट काम करत नाही. एका कार्यशाळेने त्यांना नव्या जाळीचा खर्च लाखाच्या वर सांगितला होता, आणि वर विचारले होते की जाळी काढून पोकळ पाइप तर बसवला नाही ना? गुरुजी दुखावले होते. मला म्हणाले, ‘अहो, मी साधा सिग्नल तोडत नाही. माझ्यावर हा आळ का?’

आम्ही मोजले. इंजिन बंद असताना शून्य, बरोबर. पण तीन हजारांच्या रेसलाही आकडा जागचा हलेना. नवी कोरी जाळी असली तरी काही दाब अडतोच. म्हणजे एक तर जाळी खरोखरच नाही, किंवा तिच्या आधीचा दाब सेन्सरपर्यंत पोचत नाही. गाडी लिफ्टवर घेतली. जाळीच्या आधीची रबरी नळी उष्णतेने कडक होऊन खालच्या बाजूला चिरली होती. वरून दिसत नव्हती. दाब वाटेतच निसटत होता. संगणकाला वाटले, जाळी नाहीच. त्याचेही चुकले नाही, त्याला जे दिसले ते त्याने सांगितले. नळी बदलली, कोड पुसला, तासभर गाडी फिरवली. जाळी ठणठणीत. काहीशे रुपयांत काम झाले. मी म्हटले, ‘गुरुजी, चोर सोडून संन्याशाला सुळी देत होते हो.’ ते हसले, पण त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला महत्त्वाचा वाटतो. ‘ज्याला हे कळत नाही, त्याने काय करायचं?’ त्याचे उत्तर शेवटी देतो.

तिसरा नॉक्स सेन्सर. हा महाग, म्हणून इथे चुकीचे निदान जास्त झोंबते. याचे टोक सिरॅमिकचे, आणि ते स्वतःला शेकडो अंशांपर्यंत तापवून मगच मोजू लागते. नळीत ओल असताना ते तापले आणि पाण्याचा थेंब पडला, तर तडकते. म्हणून नळी कोरडी होईपर्यंत संगणक त्याला सुरूच करत नाही. थंड गाडीत त्याचा आकडा दिसला नाही, तर तो मेला असे समजू नये. दुसरे म्हणजे, या सेन्सरला अमोनिया आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांतला फरक नीट कळत नाही. युरियापासून अमोनिया बनतो. युरियाचा फवारा बिघडून जास्त पडू लागला, तर जास्तीचा अमोनिया मागच्या सेन्सरपर्यंत जातो आणि तो सांगतो, ‘नॉक्स वाढले.’ बिघाड फवाऱ्याचा, नाव सेन्सरचे.

म्हणून ‘पी २०ईई’ हा कोड आला, की आधी युरियाची टाकी बघावी. द्रावण साडेबत्तीस टक्क्यांचे असावे लागते. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर एक थेंब टाकला की ते मिनिटात कळते. पाणी मिसळलेले, उन्हात महिनोन्‌महिने पडलेले, किंवा घरी शेतीचा युरिया विरघळवून केलेले द्रावण चालत नाही. शेतीच्या युरियात इतर पदार्थ असतात, ते कॅटॅलिस्टला मारक ठरतात. फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे दिसले, तर ते साफ करावेत. आणि सायलेन्सरचा एखादा जोड गळत नाही ना, तेही पाहावे. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली, तरी ऑक्सिजनचे आणि नॉक्सचे आकडे चुकतात.

हे सगळे करून सेन्सरच दोषी ठरला, तर मग जरूर बदलावा. बदलण्याचीही रीत आहे. उष्णतेने आटे धरून बसलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडावे, इंजिन कोमट असताना खाचेचा सॉकेट लावून सावकाश फिरवावे. जोर केला की आटे जातात, आणि मग शंभराचे काम हजारात जाते. नवा सेन्सर त्याच क्रमांकाचा, त्याच लांबीचा हवा. आट्यांना लावायचे उष्णतारोधक ग्रीस टोकाला लागू देऊ नये. नॉक्स सेन्सर आणि त्याचा डबा एकत्र जुळवून बनवलेले असतात, त्यांच्यामधली वायर कापून जोडू नये. शेवटी स्कॅनरवर जुनी नोंद पुसून नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते, आणि रस्त्यावर फिरवून पाहिल्याशिवाय गाडी मालकाच्या हातात देऊ नये.

आता एका आडवाटेबद्दल बोलतो. वारंवार दिवा लागला, की कोणी तरी कानात सांगतो, ‘जाळी फोडून टाकू, सॉफ्टवेअर मारून देतो, पुन्हा कटकट नाही.’ बाजारात हे काम उघड उघड चालते. माझ्याकडेही गाड्या येतात, आणि मी ‘नाही’ म्हणतो तेव्हा गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते, हेही खरे. पण हे कायद्याविरुद्ध आहे आणि एकदा केले की गाडीची वॉरंटी गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जी काजळी ती जाळी पकडत होती ती आता कोणाच्या तरी छातीत जाणार. पुष्कळदा त्या गाडीला हवी असते फक्त एक नळी किंवा वीतभर वायर. नीट निदान झाले असते, तर जाळी फोडायची वेळच आली नसती. म्हणून मी निदानाला इतके महत्त्व देतो. चुकीच्या निदानाने गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो, आणि रिकाम्या खिशाचा माणूस मग आडवाटेला लागतो.

गाडी वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर आठवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत पळवा. घरी पोचल्यावर पंखा जोरात फिरतोय, आयडलिंग नेहमीपेक्षा चढे आहे असे दिसले, तर काजळी जळते आहे असे समजा. शक्य असेल तर लगेच बंद न करता एक फेरी मारून या. मात्र अशा वेळी गाडी वाळल्या गवतावर किंवा पेंढ्याजवळ उभी करू नका, खालचा भाग पेट घेण्याइतका तापलेला असतो. बंद शेडमध्येही इंजिन चालू ठेवू नका. आणि दर आठवड्याला ऑइलची पट्टी बघा. तेल कमी होणे आपल्याला माहीत आहे, पण इथे वाढलेली पातळीही वाईट. जाळणे पुन्हा पुन्हा अर्धवट राहिले, की न जळलेले डिझेल तेलात उतरते. तेल भरताना डीपीएफच्या गाडीसाठी सांगितलेले कमी राखेचेच भरा. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीत कायमची राहते.

आणि आता गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर. ज्याला यातले काही कळत नाही, त्याने काय करायचे? त्याने गॅरेजमध्ये तीन प्रश्न विचारायचे. कोड कोणता आला, तो कागदावर लिहून द्या. भाग बदलण्याआधी काय मोजले आणि किती आकडा आला, तो सांगा. आणि काढलेला जुना भाग माझ्या हातात द्या. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. जो रागावेल, त्याच्याकडून चावी परत घ्या.